पाच थरांचा हट्ट

आमच्या घरमालकीण काकूंच्या ओठांत कायम टाचण्या असायच्या. दोन हजार अकरा साली मी ऑकलंडला शिकायला आले आणि फ्लॅट बुशमधल्या त्यांच्या घरात एक खोली घेतली, तेव्हा पहिले आठ-दहा दिवस मला वाटायचं, बाई जरा बोबड्याच आहेत. ‘पोहे केलेत, गरम आहेत तोवर खा’ हे टाचण्यांच्या फटीतून ‘होहे केलेत’ असं काहीतरी यायचं. मग एका सकाळी टाचण्या नसलेल्या तोंडाने, खणखणीत मिरजेकडच्या मराठीत त्यांनी मला विचारलं, “काय गं, तुझी पाळी कधी असते?”

ओळख होऊन धड दोन आठवडेसुद्धा नाहीत! मी पुण्याची. आमच्याकडे हा शब्द आईसुद्धा आवाज खाली करून बोलायची, तेही स्वयंपाकघराचं दार लोटून. मी पोह्यांत मान घातली. काकूंनी फ्रिजवरचं कॅलेंडर काढलं, पेन्सिलीला थुंकी लावली आणि म्हणाल्या, “सांग की. मी काय पत्रिका जुळवत नाहीये.”

त्याचं असं होतं. काकू जवळच्याच ईस्ट टामाकीतल्या एका कारखान्यात शिलाई विभागाच्या सुपरवायझर होत्या. तिथे गाद्यांची वॉटरप्रूफ कव्हरं शिवायचे. हाताखालच्या सामोअन आणि टोंगन बायका त्यांना आंटी म्हणायच्या आणि आंटी उठल्याशिवाय जेवायला उठायच्या नाहीत. तिथली उरलेली वॉटरप्रूफ कातरणं मालकाला विचारून काकू घरी आणायच्या आणि त्यांचे धुऊन पुन्हा वापरायचे कापडी पॅड शिवायच्या. ऑकलंडच्याच पापाकुरा भागात दहा-बारा बायकांनी मिळून चालवलेली एक छोटी संस्था होती, ती हे पॅड आफ्रिकेत, मलावीतल्या एका खेड्यातल्या शाळेला पाठवायची. तिथल्या मोठ्या मुली पाळीच्या दिवसांत शाळेत यायच्याच नाहीत. या महिन्यात चार दिवस, पुढच्या महिन्यात पाच, असं करत अभ्यास मागे पडायचा आणि एक दिवस शाळाच सुटायची. हे कानावर पडलं त्या दिवसापासून काकूंच्या घरातल्या मशीनला विश्रांती नव्हती.

“स्वतः वापरल्याशिवाय दुसऱ्याला द्यायचं नाही,” हा त्यांचा कायदा. त्यांची स्वतःची पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली, त्यामुळे कायदा लागू झाला तो आम्हा तिघी भाडेकरू मुलींना. कॅलेंडरवर आमच्या तारखा. प्रत्येक नवा नमुना आधी आमच्यावर. आणि सकाळी नाश्त्याला बसलं की तोंडी परीक्षा: टोचला का, सरकला का, घट्ट बसला का, सायकलवर काय झालं? मी एकदा म्हटलं, “काकू, निदान चहा तरी पिऊ द्या.” तर म्हणाल्या, “पी की. तोंडाने चहा पी, मान हलवून उत्तरं दे.”

गणपतीत तर त्यांनी कहर केला. आरती नुकतीच संपलेली, हॉलमध्ये तीस माणसं, मी प्रसादाचं ताट घेऊन फिरतेय. त्या दिवसांत मी प्रसाद वाटतेय याचं त्या घरात कुणाला काही वाटत नसे, ते सोडा. पण काकू पलीकडच्या टोकाकडून ओरडल्या, “अगं, कालचा गळला का?” शेजारच्या काकांना वाटलं, छपराचं चाललंय. ते अगदी कळवळून म्हणाले, “नवीन घरांना हा त्रास असतोच हो, बिल्डरला सोडू नका.” मी मान डोलावली आणि सरळ किचनमध्ये पळाले.

हे तपासून झालेले पॅड काकू धुऊन वाळत घालायच्या ते पुढच्या अंगणात. रस्त्यावरून दिसतील असे, ओळीने, लाल-पिवळ्या फुलाफुलांचे. फ्लॅट बुशमध्ये सगळी नवी, मोठी, एकसारखी घरं. लोक पुढची हिरवळसुद्धा फूटपट्टी लावून कापतात. समोरचे एक इंजिनियर, मुंबईचे, अगदी सभ्य माणूस, एक दिवस जँडल्स, म्हणजे रबरी चपला, फटफटवत आले आणि चाचरत म्हणाले, “काकू, ते जरा मागच्या बाजूला घातलं तर... मुलं असतात, पाहुणे येतात.”

“तुमची बनियनं चालतात का पुढे?” काकूंनी विचारलं.

“अहो, बनियन वेगळं.”

“वेगळं कसं? तेही अंगाचं, हेही अंगाचं. उलट हे जास्त स्वच्छ धुतलेलं असतं.”

इंजिनियर गेले. सुट्टीला वेलिंग्टनहून आलेली काकूंची नात खिडकीतून हे सगळं बघत होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण बोलायची इंग्रजीच. ती कपाळाला हात लावून म्हणाली, “आजी, दॅट वॉज सो एम्बॅरसिंग!” काकू तिला म्हणाल्या, “स्वीट ॲज.” त्या देशात आल्यावर त्यांनी उचललेला हा तिथल्या बोलीतला एकच शब्द, म्हणजे ‘झकास’, आणि तो त्या कशालाही वापरायच्या. सत्यनारायणाला गुरुजींनी संकल्प सांगितला तरी ‘स्वीट ॲज’.

हा सगळा आडदांडपणा कुठून आला, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही कापड बेतता बेतता, मान वर न करता. मिरजेजवळच्या गावात त्या वाढल्या. न्हाणीघराच्या मागे एक खिळा होता. त्यांच्या आणि थोरल्या बहिणीच्या पाळीच्या कापडाच्या घड्या धुऊन त्या खिळ्याला टांगायच्या आणि वरून ओला परकर घालायचा, कुणाला दिसू नये म्हणून. तिथे ना वारा, ना ऊन. तशाच दमट घड्या पुन्हा घ्यायच्या. बहिणीला त्यातून जे काही झालं, ते वाढत गेलं, आणि तिने लाजेने सांगितलंच नाही. सांगितलं तेव्हा मिशनच्या दवाखान्यात महिनाभर ठेवावं लागलं. “वाचली,” काकू म्हणाल्या, “पण पुढे मूल नाही झालं तिला. आमच्या कापडाने कधी ऊनच बघितलं नाही गं.” आणि कात्री चालवत राहिल्या.

म्हणून काकूंचा पॅड लपवता येणारा नव्हताच. मुद्दाम नव्हता. वर मऊ फलालीन, मध्ये टर्किश टॉवेलचे तीन थर, खाली वॉटरप्रूफ. असे पाच थर, कडेने दुहेरी टीप, पंखांना चाप बटणं. बघताक्षणी कळावं, हे काय आहे ते. संस्थेतली एक नाशिकची मुलगी, आयटीतली, एकदा बिचारी म्हणाली होती की उघडला की साधा रुमाल वाटेल असा काहीतरी नमुना करूया का? काकूंनी तिला तिथल्या तिथे झापलं. “माझ्या शिलाईत लपवाछपवी नाही. लाजायचं कशाला? उजळ माथ्याने उन्हात वाळवायचं!” आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तर सगळ्यात जोरात.

तेरा साली त्या पहिल्यांदा मलावीला जाऊन आल्या. पॅड वाटले, मुलींनी गाणं म्हटलं, फोटो निघाले. काकू फुलून आल्या होत्या. पण पुढच्या दोन-अडीच वर्षांत शाळेकडून जी पत्रं यायची त्यात आभार भरपूर असायचे आणि एक ओळ हमखास: मुली अजून गैरहजर राहतात. संस्थेच्या अध्यक्षीणबाई निवृत्त नर्स होत्या, गोऱ्या, फार भल्या, पण स्पष्ट. त्या सोळा सालच्या सुरुवातीला म्हणाल्या, “या खेपेला नीट बघून या. उपयोग होत नसेल तर ही शाळा आपल्याला सोडावी लागेल.”

काकूंच्या वर्मी लागलं ते. शाळा सुटली म्हणजे त्या पोरी सुटल्या, हे त्यांना सरळ दिसत होतं. “माझ्या पॅडमध्ये खोट? कमी पडत असतील! जास्त नेते.” त्यांनी आम्हा सगळ्यांना कामाला जुंपलं. दर रविवारी मशीनं, कात्र्या, वरण-भात आणि काकूंचा आरडाओरडा. माझी नोकरी लागून चार वर्षं झाली होती, मी वेगळं राहायला लागले होते, तरी रविवारी बोलावणं यायचंच. चारशे पॅड झाले. त्यातले साठ माझे, प्रत्येकात माझ्या बोटांचं थोडं रक्त. आणि बॅगा उचलायला कुणीतरी हवं म्हणून मला सोबत नेलं. तसं त्यांनी तोंडावर सांगितलं.

जोहान्सबर्गला विमान बदलून मलावीला उतरलो. कस्टमच्या तरुण साहेबाने बॅग उघडली, चारशे फुलाफुलांच्या वस्तू बघितल्या आणि विचारलं, हे काय? मी इंग्रजीत काही सौम्य वाक्य जुळवतेय तोवर काकूंनी एक पॅड उचलला, आपल्या सलवारीवर वरूनच लावला आणि चाप बटण ‘टक’ करून मिटून दाखवलं. “फॉर गर्ल्स. एव्हरी मंथ. यू हॅव सिस्टर?” साहेबाने दोन्ही हातांनी बॅग बंद केली आणि आम्हाला जायला सांगितलं. मला हसू आवरेना. काकू म्हणाल्या, “बघ, लाजलं नाही की कामं कशी पटापट होतात.”

खेड्यात ग्रेस नावाची एक तरुण शिक्षिका आमची पाठराखीण होती. पावसाळ्याचे शेवटचे दिवस होते. रोज दुपारी आभाळ कोसळायचं. दुसऱ्या दिवशी सातवीतली एक चौदा वर्षांची मुलगी वर्गात नव्हती. तिला आधीच्या खेपेच्या साठ्यातले पॅड मिळालेले होते. काकू ग्रेसला म्हणाल्या, “चल, घरी जाऊन बघू.”

घर म्हणजे एक खोली आणि पुढे चुलीची जागा. मुलीची आई मक्याच्या पिठाची घट्ट उकड ढवळत होती. आम्हाला बघून लगबगीने उठली, बाजूचं कापड घेतलं आणि भांडं खाली उतरवलं. कापड लाल-पिवळ्या फुलांचं होतं. कडेला दुहेरी टीप. पंखाला चाप बटण.

मला आधी हसूच फुटणार होतं. मग मी काकूंकडे बघितलं आणि माझं हसू जिरलं. काकूंनी पुढे होऊन ते कापड हातात घेतलं, उलटं केलं, टिपेवरून बोट फिरवलं. त्यांचीच शिलाई. मग ग्रेसमार्फत त्या आईला विचारलं, “चांगलं आहे का?”

“फार चांगलं,” आई मनापासून म्हणाली. “हात अजिबात भाजत नाही.”

“कसा भाजेल,” काकू मराठीत पुटपुटल्या, “पाच थर आहेत.”

त्यांनी मुलीला विचारलं, की मग तू काय वापरतेस? मुलगी खाली बघत राहिली. ग्रेस अवघडली. काकू तिच्याजवळ उकिडव्या बसल्या. शेवटी मुलगी उठली आणि काकूंचा हात धरून त्यांना आत घेऊन गेली. मागोमाग मी. ज्या खोलीत बाप, दोन भाऊ, सगळी झोपायची, तिथे कोपऱ्यातली चटई तिने उचलली. खाली आईच्या जुन्या चितेंजेचे, म्हणजे तिथल्या बायका कमरेला गुंडाळतात त्या कापडाचे, चार तुकडे पसरलेले होते. धुतलेले. काकूंनी हात लावला. दमट होते, कुबट वास येत होता. मुलगी हळूच म्हणाली, ते ग्रेसने आम्हाला सांगितलं: तुमचं फार सुंदर आहे, पण फार जाड आहे, या पावसात दोन दोन दिवस वाळत नाही. आणि बाहेर टाकलं तर सगळ्या गावाला कळतं, काय आहे ते.

काकू तिथेच चटईशेजारी बसल्या. वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत, आणि शाळेवर, आमच्या मुक्कामी, आल्यावर जेवल्या नाहीत. ज्या बाईला मी विमानात झोपेतही बडबडताना ऐकलं होतं, ती बाई गप्प!

सकाळी बघते तर शाळेच्या व्हरांड्यात चारशे पॅडचा ढीग, आणि काकू ब्लेडने टिपा उसवतायत. शांतपणे, एकामागून एक.

माझं डोकंच फिरलं. “काकू, काय करताय! त्यात माझे साठ आहेत! इतके रविवार घातलेत आम्ही! त्यापेक्षा मुलींना समजवा ना, की लाजू नका, उन्हात वाळवा. तुम्हीच तर सांगता.”

“मी पुढच्या अंगणात वाळवते, कारण माझ्या घरात माझं चालतं,” त्या म्हणाल्या. “त्या पोरीचं तिच्या घरात काय चालतं? तिला शाळेत जायचंय गं, गावाशी भांडायचं नाहीये. माझं भांडण त्या मिरजेच्या खिळ्याशी होतं. मी माझ्या रागाची शिलाई केली आणि ह्या पोरींच्या अंगाला लावली.” मग ब्लेड थांबवून माझ्याकडे बघितलं. “तुझे साठ मी शेवटी ठेवलेत. तुला उसवायचे असतील तर तूच उसव.”

मी पाच मिनिटं फणकाऱ्याने उभी राहिले. मग बसले आणि उसवायला लागले. माझे साठ होते. त्यांची सहा वर्षं होती. शाळेतल्या शिक्षकांसमोर, पोरींसमोर, पासष्टाव्या वर्षी एक सुपरवायझर बाई भर दिवसा स्वतःची चूक टाका टाका करून उकलत होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. मला त्यांचा इतका अभिमान वाटला, की मला धड दिसेना आणि ब्लेड बोटाला लागलं.

दुपारी मुली जमल्या. काकूंनी उसवलेले थर त्यांच्यापुढे पसरले आणि म्हणाल्या, “मला येत नाही. तुम्ही सांगा कसं हवं.” ग्रेसने भाषांतर केलं तरी मुलींचा विश्वास बसेना. मग ती चटईवाली मुलगी पुढे आली. त्या दिवशी ती शाळेत आली होती, चितेंजे गच्च आवळून. तिने वॉटरप्रूफ तुकड्याला दोन्ही टोकांना नुसते दोन पट्टे धरून दाखवले. त्यांत जुन्या चितेंजेचा एक चौकोन घड्या घालून सरकवला. मग तो ओढून काढला, झटकला, हवेत धरला. साधं फडकं. स्वयंपाकघरात दहा असतात तसलं. उन्हात टाका, पाऊस येण्याआधी वाळेल, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला काही कळायचं नाही.

काकूंनी ते हातात घेऊन चारी बाजूंनी बघितलं. ओढलं, ताणलं. “ह्या पोरीला ईस्ट टामाकीत माझ्या खुर्चीवर बसवा,” त्या म्हणाल्या, आणि सुया वाटायला लागल्या. पाच दिवस त्यांनी मुलींना फक्त टाके शिकवले. धावदोरा, उलटी टीप, पट्टा कसा पक्का करायचा. वाकडं शिवलं की त्याच आवाजात ओरडायच्या, मराठीतच, आणि मुलींना बरोबर कळायचं. मुली त्यांना आगोगो म्हणायला लागल्या, म्हणजे आजी.

परत आल्यावर महिन्याभराने, एका शनिवारी दुपारी, पापाकुरातल्या छोट्या हॉलमध्ये संस्थेची सभा झाली. शाळा ठेवायची की सोडायची, हे त्या दिवशी ठरायचं होतं. अध्यक्षीणबाईंनी विचारलं, “किती पॅड वाटले?”

काकू उभ्या राहिल्या. “नन,” म्हणाल्या. “एकही नाही. चारशेच्या चारशे मी उसवले. चूक माझी. तुम्ही सगळ्या माझ्या हट्टापायी इतकी वर्षं चुकीचं शिवलंत, सॉरी.” मग त्यांनी ती नाशिकची मुलगी कुठे बसलीय ते शोधलं आणि तिला मराठीतच सांगितलं, “तू बरोबर होतीस गं. मी उगाच झापलं तुला.” मुलगी रडवेली झाली.

मग काकूंनी फोन काढून मला वाचायला दिला. ग्रेसचा मेसेज होता. ती चौदा वर्षांची मुलगी महिनाभर एक दिवससुद्धा चुकली नव्हती. तिच्या वर्गातल्या बाकीच्याही येत होत्या. आणि आता ग्रेस त्या मुलींना घेऊन पलीकडच्या खेड्यातल्या शाळेत शिकवायला जाणार होती. त्यांना पॅड नको होते. सुया, दोरा आणि वॉटरप्रूफ कातरणं हवी होती. अध्यक्षीणबाईंनी चष्मा पुसला. शाळा राहणार, हे मग कुणाला विचारावंच लागलं नाही.

“पुढच्या वर्षी तुम्ही कधी निघणार?” एकीने काकूंना विचारलं.

“नो नीड,” काकू म्हणाल्या. “पोस्टाने पाठवा.” आणि खाली बसल्या.

फ्लॅट बुशकडे परत जाताना मोटरवेवर त्या खिडकीबाहेर बघत होत्या. जरा वेळाने मला दिसलं, गाल ओले होते. मी घाबरले. “काकू, काय झालं? वाईट वाटतंय का, आता जायला मिळणार नाही म्हणून?”

“वाईट?” त्यांनी ओढणीने नाक पुसलं. “अगं, इतकी वर्षं मला घोर होता, माझ्याशिवाय त्या पोरींचं कसं होणार. आता माझं तिथे कामच उरलं नाही. चौदा वर्षांच्या पोरीने मला रिटायर केलं. एवढा मान मला आयुष्यात कुणी दिला नव्हता. तू समोर बघून गाडी चालव आणि मला निवांत रडू दे.”